एका अभंग संख्येची कहाणी

पाडेली माडावरून नारळ उतरवून गेला की खाली पडलेले नारळ गोळा करून अंगणात मांडण्याचे काम घरातील मुलांकडे येते, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. नारळ बारा असले तर मांडणाऱ्याला चिंता नसते. तीन-तीनच्या चार ओळी कराव्यात, चार-चारच्या तीन कराव्यात किंवा सहा-सहाच्या दोन कराव्यात. परंतु नारळ तेरा निघाले की पंचाईत होते. कशीही मांडणी करा, एक तरी नारळ शिल्लक राहतो किंवा एक तरी ओळ अपुरी पडते. तेरा नारळांची एकच सरळ रांग करता येते, समान ओळींचा चौकोन मात्र साधत नाही.

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांवाचून दुसरा भाजक नसतो तिला आपण मूळ संख्या म्हणतो. २, ३, ५, ७, ११, १३ या अशा संख्या होत. बारासारख्या फुटणाऱ्या संख्या म्हणजे संयुक्त संख्या. प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराने बनलेली असते, म्हणून मूळ संख्या या अंकगणिताच्या इमारतीतील चिरे आहेत असे म्हटले तरी चालेल. त्यांना शेवट नाही, हे युक्लिड या ग्रीक गणितज्ञाने सुमारे २३०० वर्षांपूर्वी सिद्ध करून ठेविले आहे.

आम्ही गणिताचे पदवीधर नव्हे. आमचा विषय भाषा. तथापि भाषेच्या शिक्षकालाही मोह पडावा अशी एक संख्या आहे आणि तिचीच ओळख आज आपणांस करून द्यावयाची आहे. ती संख्या अशी : २,१४,७४,८३,६४७. शब्दांत सांगावयाचे तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लक्ष त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस.

ही संख्या कोठून आली? बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे प्रत्येक घरात दुप्पट दाणे मागणाऱ्या चतुर माणसाची गोष्ट आपण ऐकली असेल. पहिल्या एकतीस घरांतील दाण्यांची बेरीज केली तर ती नेमकी हीच संख्या येते. गणिताच्या भाषेत ती '२ चा ३१ वा घात वजा १' होय. एका दाण्याचे वजन वीस मिलिग्रॅम धरले तर ही रास सुमारे त्रेचाळीस टन भरेल. सेकंदाला एक याप्रमाणे, झोप न घेता, कोणी हे दाणे मोजू लागला तर त्याला अडुसष्ट वर्षे लागतील. आणि इतकी प्रचंड रास असूनही तिची मांडणी समान ओळींत करता येत नाही! तेरा नारळांप्रमाणेच तिचीही एकच लांब रांग होते, कारण ही संख्या मूळ आहे.

आता कोणी चौकस विद्यार्थी विचारील, 'हे कळले कसे? दोन अब्ज संख्यांनी भागून कोणी पाहिले?' हा प्रश्न उत्तम आहे, आणि सगळी कहाणी या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की इतके भागाकार करावे लागत नाहीत. एखादी संख्या दोन अवयवांत फुटली तर त्यांपैकी लहान अवयव तिच्या वर्गमूळाहून मोठा असू शकत नाही. ४६,३४१ चा वर्ग २,१४,७४,८८,२८१ आहे, म्हणजे आपल्या संख्येहून मोठा. तेव्हा ४६,३४० पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरे. परंतु अशा मूळ संख्याही ४,७९२ आहेत. दौत, टाक आणि कागद एवढ्यांच्या बळावर हे काम करणे म्हणजे कित्येक महिन्यांची हमाली झाली.

त्यातून २ चा घात वजा १ अशा स्वरूपाच्या संख्या मोठ्या फसव्या असतात. घातांक संयुक्त असेल तर ती संख्या हमखास फुटते. जसे, २ चा ६ वा घात वजा १ म्हणजे ६३, आणि ६३ म्हणजे ७ गुणिले ९. घातांक मूळ असेल तर ३, ७, ३१, १२७ अशा मूळ संख्या मिळू लागतात आणि वाटते की नियम सापडला. पण ११ हा घातांक येताच २,०४७ ही संख्या मिळते आणि ती २३ गुणिले ८९ अशी फुटते. नमुना दिसला म्हणजे नियम सिद्ध झाला असे नव्हे, हा धडा येथे पहिल्यांदा मिळतो.

इटलीतील पिएत्रो काताल्दी याने १६०३ साली छापलेल्या ग्रंथात १७, १९, २३, २९, ३१ आणि ३७ या घातांकांच्या संख्या मूळ आहेत असे सांगितले. १७ आणि १९ यांच्याबाबत त्याने भागाकार करून खात्री करून घेतली होती. पुढच्या चारांपैकी तीन मात्र चुकीचे निघाले. १६४० साली फेर्मा या फ्रेंच गणितज्ञाने २३ च्या संख्येला ४७ ने व ३७ च्या संख्येला २२३ ने भाग जातो हे दाखविले; १७३८ साली ऑयलरने २९ च्या संख्येला २३३ ने भाग जातो हे दाखवून दिले. उरला ३१. त्याच्याविषयी काताल्दीचे म्हणणे पुढे खरे ठरले, पण म्हणून त्याला ते ठाऊक होते असे म्हणता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. परीक्षेत शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरविलेले उत्तर बरोबर निघाले तरी ते आपले ज्ञान होत नाही. तद्वतच सिद्धतेवाचूनचे खरे विधान हा केवळ लागलेला नेम होय.

१६४४ साली मॅरीन मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने अशा घातांकांची एक यादी प्रसिद्ध केली : २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७. त्याच्या नावावरूनच या संख्यांना मेर्सेन संख्या म्हणतात. यादी करणारा विद्वान होता, युरोपातील थोर गणितज्ञांशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि यादी तपासणे तर कोणालाच जमणारे नव्हते. त्यामुळे पुष्कळ काळ ती तशीच मानली गेली.

येथे लेओनार्ड ऑयलर पुन्हा रंगभूमीवर येतो. १७०७ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे जन्मलेल्या या गणितज्ञाचा बराच काळ रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे गेला. त्याच्या एका डोळ्याची दृष्टी तरुणपणीच गेली होती आणि १७६६ नंतर दुसरा डोळाही जवळजवळ निकामी झाला. अशा स्थितीतही त्याचे संशोधन थांबले नाही. १७७२ साली बेर्नुली घराण्यातील एका गणितज्ञास लिहिलेल्या पत्रात त्याने कळविले की, ही ३१ व्या घाताची संख्या मूळ आहे आणि आपण तिची परीक्षा केली आहे.

ही परीक्षा कशी केली ते समजून घेण्यासारखे आहे. २ चे घात क्रमाने घेऊन त्यांना एखाद्या विषम मूळ संख्येने भागावे व फक्त बाकी लिहावी. ७ ने भागले तर बाक्या येतात २, ४, १, २, ४, १. म्हणजे तीन पायऱ्यांची फेरी झाली. २३ ने भागले तर येतात २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १. येथे फेरी अकरा पायऱ्यांची आहे, आणि म्हणूनच २३ ने ११ व्या घाताच्या २,०४७ या संख्येला भाग जातो. फेर्माने एक सुंदर नियम सांगितला आहे : भाजक मूळ असेल तर फेरीची लांबी ही त्या भाजकातून १ वजा करून येणाऱ्या संख्येला नि:शेष भागते. ७ वजा १ म्हणजे ६, त्याला ३ ने भाग जातो. २३ वजा १ म्हणजे २२, त्याला ११ ने भाग जातो.

आता समजा की आपल्या मोठ्या संख्येला एखादा मूळ भाजक आहे. मग त्याने २ च्या ३१ व्या घाताला भागल्यास बाकी १ उरली पाहिजे. म्हणजे एकतीस पायऱ्यांत फेऱ्या पूर्ण झाल्या पाहिजेत. पण ३१ स्वतःच मूळ आहे, तेव्हा फेरी एक पायरीची किंवा एकतीस पायऱ्यांची असणार. एक पायरीची ती असू शकत नाही, कारण पहिलीच बाकी २ असते. म्हणून ती एकतीस पायऱ्यांचीच आहे. याचा अर्थ, भाजकातून १ वजा केला की येणाऱ्या संख्येला ३१ ने भाग जातो. भाजक विषम असल्यामुळे तिला २ नेही भाग जातो, म्हणजेच ६२ ने भाग जातो. अशा रीतीने भाजक शोधावयाचा तो ६३, १२५, १८७, २४९, ३११ अशा मालिकेतच शोधला पाहिजे. ४६,३४० पर्यंत या मालिकेत केवळ ७४७ संख्या आहेत.

याहीपुढे एक चाळणी आहे. अशा भाजकाला ८ ने भागले असता बाकी १ किंवा ७ उरली पाहिजे. याची सिद्धता येथे देणे लांबणीचे होईल. या चाळणीतून ३७३ संख्या उरतात. त्यांतही ६३, २४९, ४९७, ५५९ अशा पुष्कळशा उघडच संयुक्त आहेत. त्या गाळल्या की शंभराच्या आतच मूळ संख्या शिल्लक राहतात. कोठे चार हजार सातशे ब्याण्णव भागाकार, आणि कोठे शंभराहून कमी! पहिली परीक्षा ३११ ची. आपल्या संख्येला ३११ ने भागले तर भागाकार ६९,०५,०९२ येतो आणि बाकी ३५ उरते. पुढची १,३०३ ची : भागाकार १६,४८,१०७ आणि बाकी २२६. असे शेवटपर्यंत करीत गेले तरी प्रत्येक वेळी काही ना काही बाकी उरतेच. तेव्हा संख्या मूळ. आपल्यापैकी कोणीही कागद-पेन्सिल घेऊन हे भागाकार पडताळून पाहू शकतो. ऑयलर थोर होता म्हणून त्याचे मानावयाचे असे येथे नाही, आणि गणिताचे मोठेपण यातच आहे.

ही संख्या पुढे ऐंशीहून अधिक वर्षे माणसाला ठाऊक असलेली सर्वांत मोठी मूळ संख्या होती. तिच्यामुळे एक परिपूर्ण संख्याही हाती आली. ६ चे भाजक १, २, ३ यांची बेरीज ६ होते, आणि २८ चे भाजक १, २, ४, ७, १४ यांची बेरीज २८ होते. स्वतःखेरीज आपल्या सर्व भाजकांच्या बेरजेइतकी असणारी संख्या ती परिपूर्ण संख्या. आपल्या मूळ संख्येला २ च्या ३० व्या घाताने गुणले असता २३,०५,८४,३०,०८,१३,९९,५२,१२८ ही अशीच परिपूर्ण संख्या मिळते.

मेर्सेनच्या यादीचे पुढे काय झाले? एद्वार ल्यूका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ साली भागाकाराची वाटच सोडून नवी कसोटी काढली आणि १२७ व्या घाताची एकोणचाळीस अंकी संख्या मूळ असल्याचे दाखविले. लेमर या अमेरिकी गणितज्ञाने ती कसोटी पुढे सोपी केली. ती अशी : ४ पासून आरंभ करावा, प्रत्येक पायरीला वर्ग करून २ वजा करावे आणि तपासावयाच्या संख्येने भागून बाकी ठेवावी. घातांकाहून दोन कमी इतकी पदे झाल्यावर, आरंभीचे ४ हे पहिले पद न मोजता, बाकी शून्य आली तर संख्या मूळ. ३१ या लहान संख्येवर ती करून पाहू. येथे घातांक ५, म्हणून पायऱ्या तीन. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, त्याची बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, त्याची बाकी शून्य. म्हणून ३१ मूळ! १२७ या संख्येवर पाच पायऱ्यांत ही कसोटी आपण घरी करून पाहावी.

याच कसोटीच्या आधारे ल्यूकाला असेही आढळले होते की ६७ व्या घाताची संख्या मूळ नाही. मात्र तिचे अवयव कोणते हे कोणास ठाऊक नव्हते. १९०३ साली अमेरिकेत फ्रँक नेल्सन कोल याने ते सांगितले : १९,३७,०७,७२१ गुणिले ७,६१,८३,८२,५७,२८७ म्हणजेच १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. सभेत एक शब्दही न बोलता त्याने हा गुणाकार फळ्यावर करून दाखविला आणि या शोधाला आपले तीन वर्षांचे रविवार लागले असे पुढे सांगितले, अशी आख्यायिका आहे. पुढे २५७ ही चुकीचा ठरला, आणि ६१, ८९ व १०७ हे यादीतून सुटले होते असेही आढळले. विद्वानाची यादीसुद्धा तपासावी लागते ती अशी.

आता पालकांच्या मनातील प्रश्नाकडे वळू. 'या सगळ्याचा उपयोग काय?' घरोघरी हा प्रश्न विचारला जातो, आणि केवळ गणिताविषयी नव्हे तर कविता, व्याकरण, इतिहास यांविषयीही विचारला जातो. तो विचारणाऱ्यांस आम्ही नावे ठेवीत नाही. पोटाची काळजी कोणाला सुटली आहे? पण याच संख्येविषयी इंग्लंडमधील पीटर बार्लो याने १८११ च्या सुमारास लिहिले होते की, हिच्यापासून मिळणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या शोधण्याच्या भानगडीत कोणी पडेल असे दिसत नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या आहेत, उपयोगाच्या नाहीत.

पुढे काय घडले ते पाहा. संगणकयंत्र सर्व संख्या ० आणि १ या दोनच अंकांत लिहिते. त्या पद्धतीत आपली संख्या म्हणजे एकापुढे एक मांडलेले एकतीस एकक होत. बत्तीस घरांच्या मांडणीत एक घर धन-ऋण चिन्हाला दिले की उरलेल्या एकतीस घरांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. पुष्कळ यंत्रे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा मांडणीत मोजत आली आहेत. ती मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या संख्येशी येऊन थांबेल. म्हणून नव्या यंत्रांत चौसष्ट घरांची मोजणी योजिली आहे.

तिच्या मूळ असण्याचाही उपयोग झाला. फाशातून पडाव्यात तशा बेभरवशाच्या संख्या यंत्राकडून हव्या असतील तर १९६९ साली सुचविलेली एक रीत अशी : कोणतीही संख्या घ्यावी, तिला १६,८०७ ने गुणावे, आपल्या मूळ संख्येने भागावे आणि बाकी ठेवावी. १ पासून आरंभ केला तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ अशा संख्या येत राहतात, आणि दोन अब्जांहून अधिक पायऱ्या झाल्यावाचून पहिली संख्या पुन्हा येत नाही. शिवाय दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार सोपा, पण गुणाकारावरून त्या संख्या शोधणे महाकठीण, हा जो अनुभव कोलने तीन वर्षे घेतला, त्यावरच १९७७ साली गुप्त संदेशाची एक पद्धत उभारली गेली. बँकेचे व्यवहार यंत्रावरून सुरक्षित होण्यास अशा पद्धतींचे साहाय्य झाले आहे. मात्र त्यासाठी शेकडो अंकी मूळ संख्या लागतात.

बार्लो याचे दुसरे भाकीतही टिकले नाही. २०२४ च्या ऑक्टोबरात २ च्या १३,६२,७९,८४१ व्या घातातून १ वजा करून येणारी संख्या मूळ असल्याचे जाहीर झाले. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. एका पानावर दोन हजार अंक छापले तरी वीस हजारांहून अधिक पाने लागतील.

आपल्या संख्येने एक शेवटचा मोहही घातला आहे. ५ च्या घातातून ३१ मिळाले, ३१ च्या घातातून ही संख्या मिळाली. मग हिलाच घातांक केले तर येणारी चौसष्ट कोटींहून अधिक अंकांची संख्याही मूळ असेल काय? मन म्हणते, असावी. पण ती २९,५२,५७,५२,६६,२६,०३१ या संख्येने फुटते, असे १९८३ साली सापडले. ऑयलरच्या चाळणीतून पाहिले तर हा भाजकही नियमाला धरूनच आहे : त्यातून १ वजा करून आपल्या संख्येच्या दुपटीने भागले की बरोबर ६८,७४५ येतात.

आपल्या देशाचाही या कथेत वाटा आहे. कोणतीही संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरविण्याची सर्वसाधारण रीत २००२ साली कानपूरच्या तंत्रज्ञान संस्थेतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी काढली. त्यांपैकी दोघे तेव्हा नुकतेच विद्यार्थिदशेतून बाहेर पडलेले होते. आणि संख्यांवर निरपेक्ष प्रेम कसे करावे हे तर देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी आपल्या मराठी माणसांतच दाखवून दिले. १९४९ साली त्यांना गवसलेल्या ६१७४ या संख्येवर आज जगभर लिहिले जाते. शाळेची नोकरी सांभाळूनच त्यांनी हे केले.

तेव्हा, विद्यार्थिमित्रहो, उपयोग कधी येईल हे शोधणाऱ्याच्या हाती नसते. दीडशे-दोनशे वर्षांनी यंत्रे येतील म्हणून ऑयलरने भागाकार केले नाहीत. गोष्ट खरी आहे की खोटी एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे होते. कोणी मोठ्या माणसाने सांगितले, पुस्तकात छापले किंवा यंत्राने दाखविले म्हणून एखादी गोष्ट स्वीकारण्यापूर्वी 'हे कळले कसे?' असे नम्रपणे विचारण्याची सवय आपणांस लागली, तर गणितात कितीही गुण मिळोत, गणित शिकल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू. आणि सुट्टीत थोडा वेळ मिळाला तर १२७ ची ती पाच पायऱ्यांची कसोटी करून पाहण्यास विसरू नये. शेवटी शून्य आले पाहिजे.